संगणकाकडून खतावणीकडे

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संस्थेच्या चिटणीसांनी जेव्हा मला या विषयावर बोलण्याचा आग्रह केला, तेव्हा मी प्रथम नाही म्हटले. ज्या मुलाने बारावीनंतर सरळ रस्ता धरला आणि एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी सनदी लेखापाल होऊन घरी आला, अशाला बोलवा, असे मी सुचविले. त्यावर ते म्हणाले, "सरळ गेलेल्याला वळणे काय ठाऊक?" त्यांचे हे म्हणणे मला पटले, म्हणून आज आपल्यासमोर उभा आहे.

माझे अब्बा तलासरीला लाकडाच्या एका वखारीत मुनीम होते. आम्ही राहात होतो डहाणूला. रोज सकाळी एस.टी.ने जायचे, संध्याकाळी परत, आणि रात्री कधीकधी वही घरी आणून तेरीज जुळवीत बसायचे. मी दहावीत असताना वखारीच्या मालकांनी संगणक आणला आणि एक तरुण मुलगा अब्बांच्या आठ दिवसांच्या कामाचा फडशा दोन तासांत पाडू लागला. त्या दिवशी अब्बांनी घरी येऊन सांगितले की, वहीचे दिवस संपले, मुलाला संगणकच शिकवायचा. त्याप्रमाणे मी २००९ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. (आय.टी.) ही पदवी घेतली. गुण पडले शेकडा ५८. हा आकडा कृपया लक्षात ठेवा, पुढे त्याची गरज लागणार आहे.

अंधेरीला एका कंपनीत मला नोकरी मिळाली. दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्राम तपासून त्यांतील चुका काढायच्या, हे माझे काम. चार वर्षे ते मी बऱ्यापैकी केले. एकदा आम्ही एका घाऊक व्यापाऱ्यासाठी बिले करण्याचा प्रोग्राम तयार केला होता. त्यात प्रत्येक वस्तूवरचा कर वेगळा काढून बेरीज केली तर एक रक्कम यायची, आणि एकूण रकमेवर कर काढला तर दुसरी. फरक बिलामागे काही पैशांचा. मी तपासणीच्या कागदावर 'चालण्यासारखे आहे' असा शेरा मारला होता. महिन्याअखेर त्या व्यापाऱ्याच्या वयस्कर हिशेबनिसांचा फोन आला. रागावले नव्हते. एवढेच विचारले, "बेटा, महिन्याचे हे अकराशे चाळीस रुपये मी कोणत्या खात्यावर टाकू?"

मला उत्तर देता आले नाही. रक्कम किरकोळ होती. परंतु माझ्या लेखी जो फरक 'चालण्यासारखा' होता, त्याला त्यांच्या जगात नाव आणि जागा लागत होती. आपण जे यंत्र चालवतो ते कोणाच्या कशाचा हिशेब ठेवते आहे हे आपल्याला मुळीच कळत नाही, ही गोष्ट मनाला लागून राहिली. शिवाय, खोटे कशाला बोलू, भीतीही होती. आमच्यातील काही जणांना काम नसल्याने नुसते बसवून ठेवले होते, आणि पुढची पाळी कोणाची ते कोणी सांगत नव्हते. २०२५ च्या जुलैमध्ये टी.सी.एस.सारख्या कंपनीने बारा हजारांच्या वर माणसे कमी करण्याचे जाहीर केले तेव्हा पुष्कळांना आश्चर्य वाटले. त्या क्षेत्रात ज्यांनी काढली आहेत त्यांना तेवढे वाटले नाही.

२०१४ च्या जूनमध्ये मी नोकरी सोडली. सोडण्यापूर्वी अब्बांपुढे बसलो. त्यांनी दोनच प्रश्न केले : किती वर्षे लागणार, आणि तोवर घर कसे चालणार? मी म्हणालो, साडेचार वर्षे. माझ्यापाशी २ लाख ६० हजार रुपये शिल्लक होते. त्यांनी एका जुन्या पावतीच्या पाठीवर आकडे मांडले आणि साडेचारच्या जागी सहा लिहिले. मी वाद घातला. ते म्हणाले, "येणे असेल ते कमी धरावे, देणे असेल ते जास्त धरावे." पुढे अभ्यासात हेच तत्त्व इंग्रजी नावाने माझ्यापुढे आले, तेव्हा ते मला नवे वाटले नाही. प्रत्यक्षात सहा वर्षे आणि आठ महिने लागले.

इतका वेळ का लागला ते आता सांगतो, कारण येथे बसलेल्यांपैकी ज्यांची मुले आय.टी., बी.सी.ए. किंवा इंजिनिअरिंग करीत आहेत त्यांच्या ते उपयोगी पडेल. इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडिया ही संस्था १९४९ च्या कायद्याने, त्या वर्षीच्या १ जुलैला स्थापन झाली. पदवीधरांना पहिली प्रवेश परीक्षा माफ करून एकदम मधल्या परीक्षेला बसण्याची वाट या संस्थेने २०१२ साली खुली केली. अट अशी की, वाणिज्य शाखेच्या पदवीला शेकडा ५५ आणि इतर शाखांच्या पदवीला शेकडा ६० गुण हवेत. ती अट आजही आहे. माझे ५८. दोन टक्क्यांसाठी माझे दार बंद झाले आणि पंचविशी ओलांडलेला मी, अठरा वर्षांच्या मुलामुलींच्या बाकावर बसून प्रवेश परीक्षेची तयारी करू लागलो. तेव्हा पदवीच्या वर्गात आम्ही म्हणत असू, पास झालो की झाले, पुढे टक्के कोण विचारतो? विचारतात.

प्रवेश परीक्षा डिसेंबर २०१४ मध्ये सुटली. मधल्या परीक्षेत मात्र नोव्हेंबर २०१५ ला दोन्ही गटांत नापास झालो. त्यात एक पेपर माहिती तंत्रज्ञानाचा होता. त्यात मला ३८ गुण मिळाले, लागतात ४०. सबंध डहाणू तालुक्यात ही बातमी पसरली असावी, कारण भेटेल तो विचारी, "काय रे, तू तर कॉम्प्युटरवाला ना?" माझी चूक अशी झाली की, हे आपल्याला येतेच, या घमेंडीत मी ते पुस्तक उघडलेच नव्हते. काम येणे वेगळे आणि परीक्षकाला तीन तासांत ते लिहून दाखविणे वेगळे.

मे २०१६ मध्ये पहिला गट, नोव्हेंबरमध्ये दुसरा. ऑगस्ट २०१६ पासून वसईच्या एका कार्यालयात तीन वर्षांची आर्टिकलशिप. डहाणूपर्यंत लोकल गाडी एप्रिल २०१३ मध्ये सुरू झाली होती. ती नसती तर मला वसईला खोली घ्यावी लागली असती, आणि ती परवडली नसती. माझा निम्मा अभ्यास पालघर ते विरार या पट्ट्यात झालेला आहे. अंतिम परीक्षा नोव्हेंबर २०१९ ला दिली, नापास झालो. मे २०२० ची परीक्षा करोनामुळे झालीच नाही. त्या वर्षीच्या नोव्हेंबर सत्रात दोन्ही गट दिले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये निकाल लागला.

आता घर कसे चालले ते. आर्टिकलशिप चालू असताना दुसरी नोकरी करता येत नाही, आणि विद्यावेतनात गाडीचा पास, पुस्तके आणि एक वेळचे जेवण एवढेच निघते. आधीची शिल्लक दुसऱ्याच वर्षी संपली. त्यानंतर माझ्या धाकट्या बहिणीने शाळेत नोकरी धरली. तिचे लग्न ठरत आले होते, ते दोन वर्षे पुढे गेले. समोरची मंडळी समंजस होती म्हणून निभावले. तिने मला कधी एका शब्दाने बोलून दाखविले नाही. पालकांना माझी विनंती आहे की, मुलाच्या शिक्षणाचा खर्च मांडताना त्यात मुलीच्या वाट्याचे काय जाते तेही मांडा, आणि तिला विचारून मांडा. आमच्या घरी तिला कोणी विचारले नव्हते. मीही नाही.

मित्रहो, आता विषयाच्या गाभ्याकडे वळतो. संगणकाचे शिक्षण हिशेबाच्या कामात फुकट जाते का? मला सुरुवातीला जमा आणि नावे यांचा फार गोंधळ होई. एके दिवशी लक्षात आले की, प्रत्येक व्यवहार दोनदा लिहायचा आणि दोन्ही बाजूंची बेरीज सारखी आलीच पाहिजे, ही युक्ती म्हणजे चूक पकडण्यासाठी पद्धतीतच बसवलेली चाचणी आहे. इटलीत १४९४ साली ल्युका पॅचिओली याने ही पद्धत प्रथम छापून प्रसिद्ध केली, आणि तो गणिती होता, हे कळल्यावर मला नवल वाटले नाही. पण याच्या पुढची पायरी अधिक महत्त्वाची आहे. दुकानाच्या छपराची डागडुजी केली आणि तो खर्च इमारतीच्या खात्यावर नावे टाकला, तर तेरीज बिनचूक जुळते; मात्र खर्च दडतो आणि नफा फुगतो. प्रोग्राम न अडखळता चालतो आणि उत्तर चुकीचे देतो, तसेच हे. चार वर्षे मी हेच शोधत होतो. फक्त शोधायचे कशासाठी ते तेव्हा ठाऊक नव्हते.

दोन उदाहरणे देतो. मुंबईच्या ब्रॅडी हाउस येथील पंजाब नॅशनल बँकेच्या शाखेतील घोटाळा फेब्रुवारी २०१८ मध्ये उघडकीस आला; रक्कम तेरा हजार कोटींच्या पुढे गेली. परदेशी बँकांना हमीचे संदेश पाठविण्याची 'स्विफ्ट' ही एक यंत्रणा आणि बँकेचे खाते ठेवणारी दुसरी, या दोन्ही एकमेकींना जोडलेल्या नव्हत्या. संदेश गेले, खात्यात नोंद झालीच नाही, आणि एका यंत्रणेची यादी दुसरीशी वर्षानुवर्षे कोणी ताडून पाहिली नाही. माझे अब्बा वखारीच्या फाटकावरची आवक-जावक वही रोज संध्याकाळी कीर्दीशी रुजू घालीत. काम तेच होते.

दुसरे उदाहरण याच्या उलट आहे. इंग्लंडच्या पोस्ट खात्यात 'होरायझन' नावाची संगणकप्रणाली होती. ती गावोगावच्या पोस्टमास्तरांच्या हिशेबात तूट दाखवी. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक जणांना चोर ठरवून शिक्षा झाल्या, काही तुरुंगात गेले, कित्येकांनी घरदार विकून तूट भरली. दोष प्रणालीत होता, हे उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये नमूद केले आणि शिक्षा रद्द करण्यासाठी २०२४ मध्ये संसदेला कायदा करावा लागला. पहिल्या ठिकाणी यंत्राला सांगितले नव्हते, दुसऱ्या ठिकाणी यंत्र सांगेल ते खरे मानले. दोन्ही भाषा जाणणारा, आणि आपल्या सहीची जबाबदारी घेणारा माणूस दोन्हीकडे हवा होता. सनदी लेखापालांसाठी माहिती प्रणालींच्या लेखापरीक्षणाचा एक वेगळा अभ्यासक्रम इन्स्टिट्यूट चालविते. संगणकाकडून आलेल्याने तो अवश्य पाहावा.

आपल्या भागापुरते बोलायचे तर, तलासरीच्या लोकांना हिशेबाचे महत्त्व मी सांगण्याची गरज नाही. १९४५ च्या मे महिन्यात झरी येथे वारली बांधव जमले आणि गोदावरी परुळेकर व शामराव परुळेकर यांच्या पुढाकाराने वेठबिगारीविरुद्धचा लढा उभा राहिला, त्याच्या मुळाशी काय होते? लग्नासाठी घेतलेले थोडे कर्ज, आणि ते फेडण्यासाठी नवराबायकोने वर्षानुवर्षे केलेली चाकरी. त्यांना 'लग्नगडी' म्हणत. वही सावकाराच्या हातात, अक्षर सावकाराचे, आणि देणेकऱ्याला वाचता येत नाही. कुराण शरीफातील सर्वांत मोठी आयत, सूरह बकरहची २८२ वी, कर्जाची नोंद कशी करावी याविषयी आहे हे आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. तीत मजकूर सांगण्याचा अधिकार कर्ज घेणाऱ्याला दिला आहे, देणाऱ्याला नव्हे. आणि तो दुबळा असेल तर त्याच्या वतीने त्याच्या पालकाने सांगावे, असे म्हटले आहे. मी ही आयत लहानपणापासून ऐकत आलो. तिचा अर्थ तलासरीच्या जुन्या गोष्टी कळल्यावर उमगला.

आजही परिस्थिती अगदी वेगळी नाही. द्रुतगती महामार्ग आणि बुलेट ट्रेन या दोन्हींसाठी आपल्याच तालुक्यांतून जमिनी गेल्या. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम ९६ प्रमाणे त्या कायद्याखालील भरपाईवर आयकर लागत नाही, आणि केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २०१६ मध्ये परिपत्रक काढून ते स्पष्टही केले आहे. हे किती जणांना माहीत आहे? वाढवण बंदराच्या बाजूचे असा किंवा विरोधातले, कागद वाचून दाखविणारा आपला माणूस दोघांनाही लागेल. १९९१ पासून डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर असल्याने येथे कारखाने मर्यादित आहेत आणि मुले बोईसर, वापी नाही तर मुंबई गाठतात. हिशेबाचे काम मात्र चिकूच्या बागायतदाराला लागते, मच्छीमार सोसायटीला लागते, मदरशाच्या विश्वस्तांनाही लागते.

आणखी एक गोष्ट जाता जाता. जमा, खर्च, बाकी, वसूल, रक्कम, ऐवज, आणि खुद्द हिशेब, हे मराठी वहीतले शब्द अरबी-फारसीतून आलेले आहेत. संगणकाच्या जगातला 'अल्गोरिदम' हा शब्द नवव्या शतकात बगदादेत काम करणाऱ्या अल्-ख्वारिझ्मी यांच्या नावावरून आला, आणि त्यांच्या बीजगणिताच्या ग्रंथाचा मोठा भाग वारसांचे हिस्से काढण्याच्या उदाहरणांनी भरलेला आहे. तेव्हा ही दोन कामे वेगळी आहेत, असे त्यांना तरी वाटले नसावे.

मात्र कोणी असे समजू नये की, यंत्राच्या भीतीने इकडे यावे आणि सुखाने बसावे. १ जुलै २०१७ ला जी.एस.टी. आला तेव्हापासून खरेदीची बिले संगणकावर आपोआप ताडून येतात. नुसत्या नोंदी करणाऱ्या कारकुनाचे काम झपाट्याने कमी होत आहे. अब्बांचे जे झाले ते त्यांचेही होईल. अंतिम परीक्षेत दोन्ही गट एकदम सुटणाऱ्यांचे प्रमाणही अलीकडच्या वर्षांत बहुधा शेकडा वीसच्या आतच राहिले आहे. प्रत्येक विषयात ४० आणि गटाच्या बेरजेत ५० टक्के, ही अट ऐकायला सोपी वाटते. परीक्षेचे माध्यम इंग्रजी किंवा हिंदी. मराठी किंवा उर्दू नाही. आपल्या शाळांतील मुलांनी याची तयारी आधीपासून करावी.

काही गोष्टी पूर्वीपेक्षा सुलभही झाल्या आहेत. जुलै २०२३ पासूनच्या नव्या योजनेत आर्टिकलशिप तीनऐवजी दोन वर्षांची आहे, मधल्या व अंतिम परीक्षेत प्रत्येकी सहा पेपर आहेत, आणि परीक्षा वर्षातून तीनदा होतात. नापास झालेल्या गटात एखाद्या विषयात ६० गुण असतील, तर पुढच्या तीन वेळा तो विषय माफ होतो. इन्स्टिट्यूटची शाखा आपल्या एका बाजूला वसईला आणि दुसऱ्या बाजूला वापीला आहे. तेथे जाऊन विचारा, दलालाला विचारू नका. ज्यांना घर चालवण्यासाठी नोकरी सोडणे शक्यच नाही, त्यांनी कॉस्ट अकाउंटंटच्या परीक्षेचा विचार करावा. तिची संस्था १९५९ च्या कायद्याने झालेली आहे, पदवीधराला तिच्या मधल्या परीक्षेला थेट बसता येते, अभ्यास नोकरी सांभाळून होतो, आणि तारापूरसारख्या औद्योगिक वसाहतीत त्या ज्ञानाला मागणी आहे. मला हा मार्ग २०१४ साली कोणी सांगितला असता तर मी कदाचित तोच धरला असता.

नापास होण्याविषयी पालकांशी दोन शब्द बोलतो. मी दोनदा नापास झालो. पहिल्या वेळी अब्बांनी निकालाचा कागद मागितला, चष्मा लावून प्रत्येक विषयाचे गुण वाचले आणि विचारले, "कशात किती कमी पडले?" कंपनी खात्यात बुडत असेल तर मुनीम रडत नाही, कुठे गळती आहे ते पाहतो. शेजारच्या एका घरी असाच निकाल लागला तेव्हा मुलाला आठ दिवस कोणी बोलले नाही आणि दुसऱ्या महिन्यात त्याला मोबाईलच्या दुकानात बसविले. तो माझ्यापेक्षा हुशार होता. आजही भेटतो, पण परीक्षेचा विषय निघाला की उठून जातो.

अध्यक्ष महोदयांनी घड्याळाकडे पाहिले आहे, तेव्हा आवरते घेतो. मुलींकडून दोन चिठ्ठ्या आल्या आहेत. एकीने विचारले आहे की, बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षात आहे, दोन वर्षांची सरासरी ६१ आहे, आताच नाव नोंदवू का? बेटी, शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्याला तात्पुरती नोंदणी करता येते, पदवीचा निकाल नंतर सादर करावा लागतो. पण आधी शेवटच्या सत्राचा अभ्यास कर. ६१ आणि ५८ यांत फार अंतर नाही. दुसरी चिठ्ठी पैशांविषयी आहे आणि खाली नाव आहे, म्हणून ती येथे वाचत नाही. त्या मुलीने आपल्या वडिलांना घेऊन कार्यक्रमानंतर मागच्या वर्गात यावे. येताना घरखर्चाचा एक महिन्याचा हिशेब कागदावर लिहून आणावा. मी सहाच्या गाडीपर्यंत तेथेच बसलेला आहे.